गर्दीची डिबेट चारचौघांत बघताना बघणाऱ्याचं मत कसं टिपावं

निवडणुकीतल्या उमेदवारांची डिबेट, म्हणजे एका मंचावरची जाहीर वादचर्चा, संपते, कुणीतरी एक जण मोठ्यानं म्हणतो, "गेलं, आज त्याचंच झालं," आणि मिनिटभरात हॉलमधल्या अर्ध्या माना हलायला लागतात. त्यातल्या कितीतरी जणांचं मत थोड्या वेळापूर्वी वेगळं होतं. ते कुठं गेलं, हे नंतर त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही. मंचावर दोनच माणसं असली तर निदान आठवायला सोपं. दहा जण एका रांगेत उभे असले, प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभर येत असलं, एकमेकांचं बोलणं तोडत असले, तर बघणाऱ्याच्या डोक्यात शेवटी तीनच चेहरे उरतात. तेही बहुतेक सगळ्यात मोठ्यानं बोललेले.

हे मत हरवायच्या आत कागदावर घ्यायची एक रीत आम्ही बसवली आहे. ती इथं सविस्तर लिहिते, म्हणजे कुठल्याही वाचनालयात, अभ्यासिकेत किंवा बचत गटाच्या बैठकीत कुणालाही करता येईल. मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत होते. निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून डिबेट दाखवते. येणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी असतात, बचत गटातल्या मावश्या असतात, आडत बाजारातले काका असतात, एक निवृत्त तलाठी भाऊसाहेब असतात. निम्म्यांना इंग्रजी येत नाही. त्यानं काही अडत नाही.

कोणती डिबेट लावायची

मी अमेरिकेतल्या प्रायमरीची लावते. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण, हे वरच्यांनी न ठरवता त्या त्या राज्यातल्या मतदारांनी मत देऊन ठरवायचं. आपल्याकडं तिकीट मुंबईहून नाहीतर दिल्लीहून येतं, त्यामुळं ही गोष्ट आधी समजावून सांगावी लागते. लातूरकरांना मात्र हा शब्द अगदीच परका नाही. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसनं देशातल्या मोजक्या मतदारसंघांत प्रायमरीचा प्रयोग केला, त्यात लातूर होतं. त्यातून दत्तात्रय बनसोडे यांची उमेदवारी ठरली, पुढं निवडणूक भाजपच्या सुनील गायकवाड यांनी जिंकली. त्या प्रायमरीत मत द्यायचा हक्क पक्षाच्याच माणसांना होता, सामान्य मतदाराला नव्हता. एवढं सांगितलं की हॉलमधल्या जुन्या लोकांना लगेच संदर्भ लागतो.

प्रायमरीच का, तर मंचावरचे सगळे एकाच पक्षाचे असतात. "मी अमक्या पक्षाचा, म्हणून अमका चांगला" ही पळवाट बघणाऱ्याला उरत नाही. शिवाय तिथं आपली भावकी नाही, आपल्या जातीचा कुणी नाही, कुणाचं आपल्यावर उपकाराचं ओझं नाही. माणूस मोकळ्या मनानं बघतो. ही सवय लागली की मग आपल्या इथल्या निवडणुकीकडं यायचं. उलट्या क्रमानं केलं तर पहिल्याच दिवशी हॉलमध्ये दोन गट पडतात आणि पुढच्या वेळी एकच गट येतो.

सुरुवात जुन्या, रेकॉर्ड केलेल्या डिबेटनं करा, कारण ती थांबवता येते. माझ्या पसंतीच्या तीन सांगते. पहिली, ६ ऑगस्ट २०१५ ची क्लीव्हलँडची. रिपब्लिकन पक्षाचे १७ इच्छुक होते. जनमत चाचण्यांत पुढं असलेल्या दहांना रात्रीचा मुख्य मंच मिळाला, उरलेल्या सात जणांना संध्याकाळीच वेगळ्या डिबेटमध्ये उरकलं. मुख्य डिबेट २ कोटी ४० लाख लोकांनी पाहिली. दुसरी, २६ आणि २७ जून २०१९ ची मायामीची. डेमोक्रॅटिक पक्षाचे २० जण, दोन रात्रींत दहा-दहा, उत्तराला ६० सेकंद. तिसरी, २३ ऑगस्ट २०२३ ची मिलवॉकीची. आठ रिपब्लिकन, आणि सगळ्यात पुढं असलेले ट्रम्प आलेच नव्हते. नवख्या गटाला मायामीची दुसरी रात्र द्या. त्यात माणसांच्या स्वभावाचे सगळे नमुने सापडतात.

थेट प्रक्षेपण बघायचं असेल तर वेळेचं गणित लक्षात ठेवा. तिकडच्या पूर्व किनाऱ्याचे रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले सकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. ही वेळ आपल्याला सोयीची आहे. मावश्या घरचं आवरून येतात, सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) आणि चहा होतो, आणि आडतीवरचे काका सौदे सुरू व्हायच्या आत मोकळे होतात. लाईटचा भरवसा नसल्यामुळं इन्व्हर्टर आधी तपासून घ्या आणि व्हिडिओ शक्यतो पेनड्राइव्हवर ठेवा.

इंग्रजीचं काय करायचं

एका उत्तरानंतर व्हिडिओ थांबवायचा आणि एकानं दोन वाक्यांत मराठीत सांगायचं. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. सांगणाऱ्याचा सूर सपाट हवा. त्याला ज्या उमेदवाराचं पटलं त्याचं तो रंगवून सांगतो आणि न पटलेल्याचं गुंडाळतो, आणि मग हॉलची मतं म्हणजे त्या एका माणसाची मतं होऊन बसतात. म्हणून मी दोन पोरं ठेवते. एकानं पहिल्या तासाला सांगायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या. जो सांगतो त्याला त्या तासाला खूण करायचा कागद मिळत नाही.

दोन तासांची डिबेट अशी थांबत थांबत चार तास चालते. एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका, निवडक तासभर दाखवा. पण तुकडे निवडताना कडेला उभे असलेल्यांचीही उत्तरं घ्या. इंटरनेटवर फिरणाऱ्या तुकड्यांत ती कधीच नसतात, आणि गर्दीची डिबेट बघायची ती त्यांच्यासाठीच.

आणखी एक करते. सुरुवातीची पाच मिनिटं आवाज बंद ठेवून दाखवते. कोण कुणाकडं बघतो, कुणाचे हात कुठं आहेत, दुसरा बोलताना कोण हसतो, एवढंच बघायचं. इथं इंग्रजी येणाऱ्या पोरांपेक्षा मावश्यांचं निरीक्षण पक्कं असतं. मायामीच्या दुसऱ्या रात्री टाय न घालता आलेले अँड्र्यू यांग एका मावशींनी बरोबर हेरले. "त्यो बिनटायचा कवाधरनं बोलायचं म्हणायलाय, कुणी इचारीनाच की त्येला." पुढं वेळ मोजल्यावर कळलं, त्या रात्री सगळ्यांत कमी, जेमतेम तीन मिनिटं, यांगनाच मिळाली होती.

आवाज आणि चित्र यांच्या फरकाबद्दल १९६० च्या केनेडी-निक्सन डिबेटची गोष्ट हमखास सांगितली जाते. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकल्यासारखे वाटले आणि टीव्हीवर बघणाऱ्यांना केनेडी, अशी. ती सांगा, पण तिच्यामागचा पुरावा फार तोकडा आहे, तेही सोबत सांगा. मी वर्गातही ती गोष्ट या पुरवणीशिवाय सांगत नसे.

कागद

सगळ्या रीतीचा कणा हा कागद आहे, म्हणून इथं जरा थांबते.

एक पान आडवं धरायचं. मंचावर उमेदवार ज्या क्रमानं उभे आहेत त्याच क्रमानं डावीकडून उजवीकडं दहा चौकोन आखायचे. नावं देवनागरीत लिहायची. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण या डिबेटमध्ये उभं राहायची जागा चाचण्यांवरून ठरते. जो पुढं तो मधोमध, मागचे कडेला. क्लीव्हलँडला मध्ये ट्रम्प, त्यांच्या एका बाजूला स्कॉट वॉकर, दुसऱ्या बाजूला जेब बुश, आणि दोन्ही टोकांना ख्रिस ख्रिस्ती आणि जॉन केसिक. मायामीत दुसऱ्या रात्री मध्ये बायडन आणि सँडर्स, टोकाला मॅरिअन विल्यमसन आणि एरिक स्वॉलवेल. आता हे बघणाऱ्यांना आधी सांगायचं नाही. सगळं झाल्यावर कागद समोर धरले की मधल्या चौकोनांत खुणांची गर्दी आणि कडेला मोकळं पान, हे चित्र त्यांना आपोआप दिसतं. मग सांगायचं की कॅमेराही मध्येच जास्त वेळ असतो आणि प्रश्नही मध्येच जास्त जातात.

खुणा चारच. पटलं तर बरोबरची खूण. पटलं नाही तर फुली. कळलं नाही तर प्रश्नचिन्ह. आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरच दिलं नाही तर शून्य. शून्य आणि फुली यांत गल्लत होऊ देऊ नका. उत्तर आवडलं नाही ही एक गोष्ट, उत्तर दिलंच नाही ही वेगळी गोष्ट. बोलणं गोड असलं की लोक शून्य द्यायला विसरतात. मी प्रत्येक प्रश्न फळ्यावर मराठीत लिहिते, म्हणजे उमेदवार कुठल्या कुठं गेला तरी प्रश्न समोर राहतो. एक आजी हे फार चोख करतात. "इच्या बोलण्यात दम हाय, पर इचारलं काय आन् सांगितलं काय?" असं म्हणून त्या शून्य घालतात.

खूण करायला पंधरा सेकंद द्यायची, तीही मराठी सार सांगून झाल्यावर. शेजारच्याच्या कागदात डोकावायचं नाही. नाव लिहायचं नाही, फक्त वय आणि काम लिहायचं.

लिहिता न येणाऱ्यांसाठी साडीच्या खोक्याचं झाकण घ्या. त्याला कड असते, त्यामुळं दाणे सांडत नाहीत. त्यात चौकोन आखून उमेदवारांचे छोटे फोटो चिकटवा. पटलं तर हरभरा, पटलं नाही तर तूर, कळलं नाही तर सोयाबीन, उत्तर दिलं नाही तर बारका खडा. अमेरिकेत वाहिन्या निवडक प्रेक्षकांच्या हातात एक डायल देतात, तो फिरवला की पडद्यावरची रेघ खालीवर होते. ती रेघ क्षणाक्षणाचं मत दाखवते खरी, पण घरी बसून ती बघणाऱ्यांच्या मतावर तिचाच परिणाम होतो. झाकणातले दाणे कुणाला दिसत नाहीत. माझ्या मते आपली ही सोय जास्त प्रामाणिक आहे.

एका पोराच्या हातात फक्त घड्याळ द्या. कोण किती वेळ बोललं तेवढंच त्यानं मोजायचं. क्लीव्हलँडला ट्रम्प दहा मिनिटांहून जास्त बोलले, रँड पॉल यांना त्याच्या निम्माच वेळ मिळाला. मायामीत बायडन तेरा मिनिटांच्या पुढं गेले. ज्याला तिप्पट-चौपट वेळ मिळाला त्याच्या चौकोनात खुणाही तिप्पट पडणार, म्हणून शेवटी खुणांना मिनिटांनी भागायचं. हा भागाकार सगळ्यांसमोर फळ्यावर करा. कमी बोललेला माणूस वर आलेला बघून लोक चकित होतात. आडतीत ज्याचा आवाज मोठा त्याचाच सौदा मोठा असतो असं नाही, हे आमच्या काकांनी त्याच वेळी बोलून दाखवलं आणि ते सगळ्यांना झटक्यात कळलं.

टाळ्यांचा बंदोबस्त

हॉलमध्ये टाळी वाजवायची नाही, "वा" म्हणायचं नाही, "हॅ" म्हणायचं नाही. हा नियम पहिल्यांदा फार जड जातो. आपल्याला सभेची सवय आहे. पण एकाच्या "हॅ"नं त्याच्या आसपासच्या पाच जणांची फुली पडते.

व्हिडिओतल्या टाळ्यांचं काय, हा अवघड भाग आहे. १९८४ ची रेगन-मोंडेल डिबेट घेऊन अमेरिकेतल्या संशोधकांनी एक प्रयोग केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. रेगन यांचे गाजलेले विनोद तसेच ठेवून त्यानंतरचा प्रेक्षकांचा हशा आणि टाळ्या तेवढ्या काढून टाकल्या, तर बघणाऱ्यांच्या नजरेत रेगन यांची कामगिरी खाली आली. वाक्य तेच होतं, फक्त हसणारे नव्हते. म्हणून टाळ्या सुरू झाल्या की मी आवाज खाली घेते. मिलवॉकीच्या डिबेटमध्ये तर प्रेक्षक हुर्यो उडवतात, तिथं आवाजाच्या बटणावरून हात काढूच नका.

तुलनेसाठी १५ मार्च २०२० ची बायडन-सँडर्स डिबेट दहा मिनिटं दाखवा. करोनामुळं ती वॉशिंग्टनच्या स्टुडिओत एकाही प्रेक्षकाविना झाली. दोनच माणसं आणि शांतता. ती बघताना आमच्या हॉलमधल्या कागदांवर प्रश्नचिन्हं कमी दिसली, लोकांनी ऐकलं जास्त. अभ्यासिकेतल्या पोरांना ती कंटाळवाणी वाटली आणि भाऊसाहेबांना सगळ्यात चांगली. दोघांचंही लिहून घ्या.

हात वर करायचे प्रश्न

गर्दीच्या डिबेटमध्ये सूत्रसंचालक मध्येच म्हणतो, "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा." वेळ वाचवायची ही युक्ती आहे. बघणाऱ्यांच्या प्रतिक्रिया समजून घ्यायला यासारखी दुसरी जागा नाही, म्हणून इथं व्हिडिओ थांबवून चित्र पडद्यावर तसंच ठेवा.

क्लीव्हलँडला पहिलाच प्रश्न असा होता: पक्ष ज्याला उमेदवारी देईल त्याला पाठिंबा देण्याचं आणि अपक्ष न लढण्याचं वचन आज द्यायला कोण तयार नाही? दहांत एकट्या ट्रम्प यांनी हात वर केला. हॉलमध्ये यावर चारही प्रकारच्या खुणा पडतात. कुणी म्हणतं खरं बोलला, कुणी म्हणतं पक्षाशी बेइमानी. आपल्याकडं तिकीट कापलं की बंडखोरी करणारे सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यामुळं हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

मायामीला दोन्ही रात्री विचारलं गेलं की खासगी आरोग्य विमा बंद करून सरकारी योजना आणायला कोण तयार आहे. पहिल्या रात्री बिल डी ब्लासिओ आणि एलिझाबेथ वॉरन यांचे हात वर गेले, दुसऱ्या रात्री बर्नी सँडर्स आणि कमला हॅरिस यांचे. दुसऱ्या दिवशी सकाळी हॅरिस म्हणाल्या, मला प्रश्न वेगळा ऐकू आला होता, मी स्वतःचा खासगी विमा सोडेन का असं मला वाटलं. ही माहिती मी खुणा झाल्यानंतर देते आणि मग विचारते, तुमची खूण बदलायची आहे का? बदलायची असेल तर जुनी न खोडता शेजारी नवी करा. काही मावश्या बदलतात. एक पोरगी ठाम राहिली, "मॅडम, हात वर करायच्या आधी इचारायचं होतं की तिनं." दोन्ही प्रतिक्रिया खऱ्या आहेत आणि दोन्ही कागदावर राहिल्या पाहिजेत.

मिलवॉकीत विचारलं, ट्रम्प न्यायालयात दोषी ठरले आणि तरी पक्षाचे उमेदवार झाले तर पाठिंबा कोण देणार? इथं हात हळूहळू वर जातात, कुणी आधी, कुणी आजूबाजूला बघून. थांबवलेल्या चित्रावर आमच्या हॉलमधलं पहिलं वाक्य होतं, "ह्यानं शेजारच्याचं बघून हात वर केलाय." त्याच रात्री हवामान बदलावर हात वर करायला सांगितलं तेव्हा रॉन डिसँटिस यांनी अडवलं, आपण शाळेतली मुलं नाही, यावर चर्चा करू या, असं ते म्हणाले. बघणाऱ्यांना हे भारी आवडलं. मग मी फळ्यावरच्या प्रश्नाकडं बोट दाखवलं आणि विचारलं, पण उत्तर मिळालं का? बऱ्याच जणांनी बरोबरच्या खुणेशेजारी शून्य घातलं. एकाच माणसाच्या एकाच वाक्याला दोन खुणा पडणं अगदी रास्त आहे.

मन हलतं ती जागा

मायामीच्या दुसऱ्या रात्री सगळे एकदम बोलायला लागतात, कुणाचंच काही कळत नाही. तेव्हा हॅरिस म्हणतात, लोकांना आपली भांडणं बघायची नाहीत, त्यांच्या ताटात अन्न कसं येणार ते ऐकायचं आहे. अशा अर्थाचं. नियम असूनही मावश्यांनी इथं टाळी वाजवली, आणि मी त्यांना अडवलं नाही. कागदावर मात्र तिथं "टाळी" असं लिहून ठेवलं.

पुढं त्याच हॅरिस बायडन यांच्याकडं वळतात. वेगवेगळ्या वर्णांची मुलं एका शाळेत यावीत म्हणून तिकडं बसनं मुलांची नेआण करायचे, त्या धोरणाला बायडन यांनी पूर्वी विरोध केला होता. कॅलिफोर्नियात अशा बसनं रोज शाळेत जाणारी एक लहान मुलगी होती आणि ती मुलगी मी होते, असं हॅरिस सांगतात. यानंतर व्हिडिओ थांबवून मी सार लगेच सांगू देत नाही. आधी आवाजावरून आणि चेहऱ्यावरून खूण, मग सार, मग दुसरी खूण. आमच्याकडं बहुतेकांच्या दोन्ही खुणा हॅरिस यांच्या बाजूनं पडल्या. पण एक काका म्हणाले, "पोरीचं खरं हाय, पर म्हाताऱ्याला एकट्याला गाठलं." आणि तांड्यावरच्या शाळेत शिकून आलेली एक पोरगी काहीच न बोलता बराच वेळ लिहीत राहिली. तिच्या कागदावर खुणेऐवजी पानभर मजकूर होता. अशा कागदांना खुणांच्या बेरजेत बसवू नका, वेगळे ठेवा आणि लिहिणाऱ्याची परवानगी असेल तरच वाचून दाखवा.

यानंतर पुढचा इतिहास सांगणं मी आवश्यक समजते. त्या रात्रीनंतर हॅरिस चाचण्यांत वर गेल्या, पण एकाही राज्यात मतदान व्हायच्या आत, ३ डिसेंबर २०१९ ला, त्या शर्यतीतून बाहेर पडल्या. उमेदवारी शेवटी बायडन यांना मिळाली. बघणाऱ्याची प्रतिक्रिया आणि मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतिक्रियेचा कागद हा अंदाज वर्तवायचा कागद नव्हे.

डिबेट झाल्यावर

पडदा लगेच बंद करा. डिबेटनंतर येणारे विश्लेषक दाखवू नका. अमेरिकेत १९९६ पासून डिबेटवॉच नावाचा उपक्रम चालला, त्यात लोकांनी गटानं डिबेट बघावी, मग टीव्ही बंद करावा आणि विश्लेषकांना ऐकायच्या आधी आपसांत बोलावं, अशी कल्पना होती. आपल्याकडं वाहिनीपेक्षा मोबाईलची भीती जास्त. फोन आल्याआल्या टोपलीत जमा करून घ्या आणि सगळ्यांचं बोलणं झाल्यावरच परत द्या.

मग कागद उलटा करून, न बघता दहाही नावं किंवा निदान दहा ओळखी लिहायला सांगा. "टाय नसलेला", "प्रेमाबद्दल बोलणारी", काहीही चालेल. कोण कोण आठवलं नाही ती यादी माझ्या लेखी सगळ्यात मोलाची. न आठवलेल्यांतला एक निवडून त्याचं एक उत्तर पुन्हा दाखवते. दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "ह्यो तर चांगला बोलला होता की."

बोलण्याची सुरुवात सगळ्यात लहानापासून करा. भाऊसाहेब, सरपंच, माजी नगरसेवक, आणि मी स्वतः, सगळ्यात शेवटी. मोठं माणूस आधी बोललं की पोरी "तसंच वाटलं" एवढंच म्हणतात. कोण जिंकलं, हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याऐवजी विचारा: आज नवीन काय कळलं? कुणाला आणखी एक प्रश्न विचारावासा वाटला, कोणता? कुठल्या क्षणी तुमचं मत हललं? एखाद्याला "माझं काहीच बदललं नाही" म्हणायचं असेल तर तेही पूर्ण म्हणू द्या.

आपल्या निवडणुकीत हेच करायचं असेल तर

२०२४ च्या लोकसभेला बीडमध्ये ४१ उमेदवार होते. यंत्राच्या एका मतपत्रिका युनिटवर १६ बटणं असतात, त्यामुळं नोटा धरून तिथं तीन युनिटं शेजारी शेजारी मांडावी लागली. नांदेडच्या सीमेपलीकडं, निजामाबादला, २०१९ मध्ये १८५ उमेदवार होते आणि त्यातले बहुतेक हळदीला भाव मागणारे शेतकरी होते. इतक्या जणांना एका मंचावर आणता येत नाही. पण नगरपरिषदेच्या एका प्रभागात किंवा ग्रामपंचायतीत आठ-दहा जणांना नक्की आणता येतं.

त्यासाठी आचारसंहितेच्या काळात निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची आणि पोलिसांची लेखी परवानगी आधी घ्या. लाउडस्पीकर रात्री दहानंतर बंद. लोकसभा-विधानसभेला मतदान संपायच्या वेळेच्या आधीचे ४८ तास सभाही घेता येत नाही आणि जनमत चाचणीचे निकालही प्रसिद्ध करता येत नाहीत. म्हणून कागदांची बेरीज ग्रुपवर टाकायचा मोह या काळात कुणालाही होऊ देऊ नका. मी तर असे कागद मतदान होईपर्यंत गठ्ठा बांधून कपाटात ठेवायला सांगते, ग्रामपंचायतीलाही.

उभं राहायची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि दर फेरीला क्रम उलटा करा. प्रत्येकाला ९० सेकंद द्या. दहा उमेदवार आणि चार प्रश्न म्हणजे बरोबर एक तास, प्रश्न विचारायचा वेळ वेगळा. त्याहून जास्त प्रश्न घेऊ नका. प्रश्न लोकांनी आधी चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि ते पाणी, रस्ता, शाळा असे गावाचेच असावेत: नळाला किती दिवसांआड पाणी येतं आणि तुम्ही ते किती दिवसांआड आणाल? अशा प्रश्नाला आकड्यात उत्तर येतं किंवा येत नाही, आणि शून्य कुठं घालायचं ते सगळ्यांना समजतं. घंटा वाजवायला शाळेतली मुलगी बसवा. तिच्या घंटेला मोठे पुढारीही थांबतात. आणि जो उमेदवार आला नाही त्याची खुर्ची काढू नका, त्याच्या नावाचा चौकोनही कागदावर ठेवा, लोक त्यातही खुणा करतात.